खारं पाणी, गोडं पाणी

मी पाण्याच्या प्लांटवर बसतो.
पाच रुपयांत वीस लिटर. नाणं टाका, कॅन लावा.
कॅन भरायला साडेतीन मिनिटं लागतात,
तेवढ्यात एक आभाळ वाळतं
पत्त्याच्या पानाएवढ्या कागदावर.

कागद दर्यापूरच्या प्रेसमधला,
लग्नपत्रिका कापून उरलेल्या पट्ट्या.
एखाद्याच्या पाठीवर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’
मध्येच तुटलेलं,
एखाद्यावर नुसतंच ‘चि. सौ. कां.’,
नवरीचं नाव दुसऱ्याच पट्टीवर गेलेलं.

शिकवलं अढाऊबाईंनी.
त्या भूगोलाच्या; शाळेत चित्रकलेला मास्तर नव्हताच कधी.
पण नद्या, डोंगर, काळी माती
फळ्याएवढ्या नकाशांत भरता भरता हात बसला त्यांचा.
म्हणाल्या, “मोठा कागद मांगू नको.
लहान कागदावर चूकबी लहान राह्यते.”

पहिलं कार्ड कडुनिंबाचं.
फाउंटन पेनानं अर्धा तास फांद्या काढल्या,
मग वरून ओला ब्रश फिरवला
आणि झाड निघून गेलं,
निळंजांभळं, विहिरीत पायऱ्या उतरल्यासारखं.
बाई हसल्या नाहीत.
“आंधी इचाराव ना शाईले,
पाणी चालते का वं तुले?”

तेव्हापासून प्रत्येक बाटलीला विचारतो.
रेघ ओढायची, वाळू द्यायची, थेंब सोडायचा.
जी पळाली ती पूर्णेवरच्या धुक्याला,
जी टिकली ती विजेच्या तारांना, बकरीच्या शिंगांना.

मे महिन्यात काही शिकता येत नाही.
ब्रश टेकला की कडा वाळते.
ओल्यात ओलं सोडायचं तर पहाटे पाचला,
कोंबडा आणि मी.

पांढऱ्याची ट्यूब अजून फोडलेली नाही.
बगळा काढायचा नसतो,
बगळ्याच्या भोवतीचं सगळं काढायचं असतं.
हे सगळ्यात उशिरा कळलं.
कळल्यावर दोन दिवस मी
माणसांकडे बघताना त्यांच्या कडेकडेनं बघत होतो.

एकदा लाइट गेली, प्लांट बंद.
घाईत ब्रश बुडवला हापशीच्या पाण्यात,
शेताचा काळा रंग पसरला, बाजूला ठेवला.
वाळल्यावर त्यात दाणे उठले,
करडी-पांढरी फुलं,
उन्हाळ्यात आमच्या वावराच्या धुऱ्यावर
खार वर येतो, अगदी तशी.
मी कार्ड घेऊन धावतच गेलो.

बाईंनी चष्मा काढून बघितलं.
“लोकं असं व्हावं म्हून मुद्दाम मीठ टाकतात.
आपल्याले जमिनीनंच देलं.”
मग बराच वेळ बघितलं.
आतल्या खोलीत त्यांचा भाऊ, विश्राम, झोपलेला.
चाळीस वर्षं ह्याच हापशीचं पाणी,
आता आठवड्यातून दोनदा अकोल्याला, मशीनवर.
“चांगलं झालं,” म्हणाल्या.
“पण हे मले देऊ नको.”

आता टेबलावर दोन पेले.
आभाळाला गोडं, जमिनीला खारं.
कार्ड विकत नाही. एक द्या, एक न्या.
पोट्टे वहीच्या पुठ्ठ्यावर कोंबड्या काढून आणतात,
तीन पायांच्या,
मी घेतो, कॅनच्या वर दोरीला चिमटा लावून टांगतो.

परवा विश्राम स्वतःच आला, सायकल ढकलत.
दोरीवरचं ते खाऱ्या शेताचं कार्ड काढलं,
उलटं केलं, मोठ्यानं वाचलं,
“आमचे येथे श्रीकृपेकरून,”
आणि एवढा हसला की खोकला लागला.
खिशात टाकलं दवाखान्याच्या चिठ्ठीमागं.
बदल्यात काही आणलं नव्हतं.
माझाच पेन घेतला, गोळ्यांच्या खोक्याच्या आतल्या बाजूला
एक आडवी रेघ ओढली, हलत हलत गेलेली,
आणि दोरीला लावली.
“हे काय?” मी विचारलं.
“वावर,” म्हणाला. “पेरायचं राह्यलं अजून.”

रेघेवर मी थेंब सोडून बघितला नाही.
कॅन केव्हाचा भरून वाहत होता.